फ्लायव्हील जपा, पिन बदला

(जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनांविषयी वाचकांच्या पत्रांना कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथ कारागिराची उत्तरं)

प्रश्न : माझी १९६९ ची जावा २५० काही पावसाळे पडवीत उभी होती. आता सुरू होते, पण आंबोली घाट चढताना खालून ठोके ऐकू येतात. इथले मिस्त्री म्हणतात, क्रँक गेला, जुन्या बाजारातून दुसरा आणून टाकू. टाकावा का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आणू नका. क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा इंजिनातला मुख्य भाग. बाजारातल्या त्या क्रँकने काय काय सोसलंय, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तुमचा क्रँक कुठे होता, कसा होता, हे तुम्हाला माहीत आहे. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि २०१८ मध्ये आलेल्या नव्या जावाचं इंजिन फोर-स्ट्रोक, वेगळ्याच घराण्याचं. त्यामुळे तुमच्या क्रँकची ती दोन मूळ फ्लायव्हील, म्हणजे जड चकत्या, ही आता जपून ठेवायची वस्तू आहे. त्यांना जोडणारी पिन, तिच्यावरचे रोलर, पिस्टनपर्यंत जाणारा कनेक्टिंग रॉड ही झिजायचीच आहेत, ती बदलता येतात.

आधी खात्री करा. ब्लॉक आणि पिस्टन काढा, बिग एंड, म्हणजे रॉडचं पिनेवर बसणारं टोक, रॉकेलने स्वच्छ धुवा. हे धुणं टाळू नका, कारण ऑइलचा थर प्ले, म्हणजे ढिलेपणा, लपवतो. मग रॉड सगळ्यात वर आणून दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढा. इथे प्ले अजिबात जाणवता कामा नये. रॉड डावी-उजवीकडे थोडा डुलतो, तो डुलणारच, तेवढी फट ठेवलेलीच असते. केवळ हे डुलणं बघून चांगले क्रँक खोललेले मी पाहिलेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ठोका गार इंजिनात जास्त आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर पिस्टन आणि बोअर (सिलिंडरचं भोक) तपासा. चढावर, इंजिनावर जोर पडल्यावरच येत असेल, तर संशय बिग एंडवर. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराचं आहे.

कोकणातल्या उभ्या गाडीत काय होतं, ते सांगतो. तुमच्या गाडीसारख्या टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक बसतो त्या पेटीत, वेगळं ऑइल भरलेलं नसतं. पेट्रोलबरोबर येईल तेवढंच. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, ऑइलचा थर हळूहळू खाली ओघळतो आणि दमट हवा आत जाऊन बसते. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल तर पाणी ओढूनच घेतं. रोलर महिनोन् महिने एकाच जागी टेकलेले असतात आणि गंज नेमका तिथेच धरतो. अशी पिन उजेडात फिरवली की शिडीच्या पायऱ्यांसारख्या सारख्या अंतरावरच्या काळ्या रेषा दिसतात. नख फिरवा, अडकतं. ती पिन पॉलिश करून चालवू नका. त्या खड्ड्यांतून पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात आणि नवे रोलरही खाऊन टाकतात.

आता कामाविषयी. प्रेसवर क्रँक उघडताना फ्लायव्हीलला आधार अगदी पिनेच्या जवळ द्यायचा, कडेला नाही. कडेला दिला तर फ्लायव्हील वाकतं. पिन फ्लायव्हीलच्या भोकापेक्षा साधारण पाच ते आठ शतांश मिलीमीटर जाड असते आणि त्या ताणावरच सगळा क्रँक एकत्र उभा असतो. म्हणून प्रत्येक वेळी पिन काढली-घातली की भोक थोडं सैलावतं. हा क्रँक कितीही वेळा उघडता येईल अशा समजुतीत राहू नका. पिन सैल बसत असेल, तर भोक होन करून, म्हणजे आतून बारीक घासून, गोल करायचं आणि त्या मापाची जाड पिन ग्राइंड करून घ्यायची. सेंटर पंचने ठिपके मारून पिन ‘घट्ट’ करणाऱ्याच्या हातात क्रँक देऊ नका.

पिन बसली की खरं काम सुरू होतं. क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये, म्हणजे टोकदार आधारांमध्ये, धरायचा, दोन्ही टोकांच्या शाफ्टवर बारीक फरक दाखवणारा एकेक डायल लावायचा आणि हाताने सावकाश फिरवायचा. सुया कुठे चढतात ते बघायचं. पिनेपासून काटकोनात, एका बाजूची सुई इकडे आणि दुसरीची बरोबर उलट चढत असेल, तर फ्लायव्हील एकमेकांच्या तुलनेत फिरलेली आहेत. तांब्याच्या हातोड्याने काटकोनातल्या कडेवर एक ठोका, परत डायल. दोन्ही सुया पिनेच्या बाजूला किंवा तिच्या थेट समोर एकदम चढत असतील, तर फ्लायव्हील मिटलीत किंवा फाकलीत. तिथे हातोडा चालत नाही, व्हाइसमध्ये दाबायचं किंवा पाचर घालायची. शेवटी दोन्ही शाफ्टवर दोन-तीन शतांश मिलीमीटरच्या आत यायला हवं. जमलं म्हटल्यावर मी क्रँक रात्रभर तसाच ठेवतो आणि सकाळी परत डायल लावतो. घाईच्या गिऱ्हाइकालाही मी हे सोडत नाही.

क्रँक बांधताना दोन्ही बाजूंचे ऑइल सील आणि मेन बेअरिंग नवे घाला. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर हवा ओढून मिश्रण पातळ होतं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो. रॉडच्या वरच्या टोकाचा बुशही तपासा. आणि पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिली. धूर कमी व्हावा म्हणून ते निम्मं करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण मिटून गाडी गिअरमध्ये सोडू नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. मधून मधून थ्रॉटल थोडा उघडत राहा.

प्रश्न : राजदूत ३५० चं आयडलिंग एका सिलिंडरवर अडखळतं. रिंगा नव्या आहेत. गॅरेजमध्ये सांगतात, क्रँक काढून मधलं सील बदला आणि पिनांना वेल्डिंग करून घ्या, म्हणजे कायमची कटकट जाईल.
– पुण्याहून एक वाचक

उत्तर : आधी इंजिन न खोलता लीक टेस्ट करा. एक्झॉस्ट आणि इनटेक बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ६ पीएसआय दाबाची हवा भरा आणि काटा उतरतो का ते पाहा. साबणाच्या पाण्याने बाहेरचे सील आणि गॅस्केट तपासा. कार्बोरेटरचे पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारी बारीक छिद्रं, तीही. यात बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

दोन सिलिंडरांच्या क्रँककेसमधलं हे मधलं सील लॅबिरिंथ प्रकारचं, म्हणजे खाचांचं आहे, ते शाफ्टला घासत नाही. मेन बेअरिंग ढिली झाली की मात्र टेकतं आणि खराब होतं. मग दोन्ही सिलिंडरांचा दाब एकमेकांत मिसळतो. या इंजिनात एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो, म्हणून हा परिणाम आयडलिंगलाच ठळक दिसतो. तसं निघालं, तर क्रँक पूर्ण उघडावा लागेल. चार फ्लायव्हील, दोन पिना आणि १८० अंशांचा कोन, एवढं जुळवणारा माणूस शोधा, त्याला वेळ द्या.

वेल्डिंगला माझा विरोध आहे. शर्यतीचं वाढवलेलं इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. रस्त्यावरच्या गाडीत पिन योग्य मापात बसली असेल तर ती हलत नाही. वेल्डच्या उष्णतेने क्रँक ओढला जातो आणि पुढच्या वेळी उघडताना फ्लायव्हीलच वाया जाते.

प्रश्न : जुन्या ३५० बुलेटचा बिग एंड बुशचाच ठेवू की रोलरचा करू?
– एक वाचक, अकोला

उत्तर : जपून चालवणार, ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलणार असाल तर मूळ फ्लोटिंग बुश, म्हणजे पिन आणि रॉडच्या मध्ये ऑइलच्या थरावर मोकळा फिरणारा बुश, उत्तम. त्याला दाबाखालचं ऑइल लागतं, म्हणून टायमिंग कव्हरमधलं कॉर्कचं सील प्रत्येक वेळी नवं घाला. ते गळलं तर ऑइल बिग एंडपर्यंत पोचतच नाही. रोलर ऑइलच्या कमी दाबावर तग धरतो, पण किट चांगल्या प्रतीचंच घ्या.

प्रश्न : क्रँक कोल्हापूरला पार्सलने पाठवायचा तर कसा?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : शाफ्टच्या आट्यांवर जुने नट चढवा. सगळ्याला ऑइल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, रॉड कापडाने बांधून हलणार नाही असा करा आणि लाकडी खोक्यात शाफ्टची टोकं मोकळी राहतील असं ठेवा. दोन फ्लायव्हीलच्या मध्ये काही कोंबू नका. बरोबर पिस्टनही पाठवा, क्रँकचा तोल बघायला त्याचं वजन लागतं.