कोडिंगची ‘विश्वसनीयता’ की ‘विश्वासार्हता’?

दोघांनी स्वतंत्रपणे केलेले मुलाखतींचे कोडिंग (म्हणजे प्रत्येक उताऱ्याला त्याच्या आशयाचे ठरावीक नाव देणे) किती जुळते, याला ‘विश्वसनीयता’ म्हणावे की ‘विश्वासार्हता’, आणि खुद्द ‘कोडिंग’ला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न आहे.

व्युत्पत्तीवरून पहिल्या प्रश्नाचा निकाल लागत नाही, कारण दोन्ही शब्दांचा अर्थ ‘विश्वास ठेवण्याजोगे असणे’ हाच आहे. फरक वापराने पडला आहे. पुन्हा मोजले किंवा दुसऱ्याने मोजले तरी तेच उत्तर यावे, या गुणाला मापनाच्या क्षेत्रात ‘विश्वसनीयता’ म्हणतात. त्यामुळे इथे तोच शब्द योग्य. ‘विश्वासार्हता’ मी लिंकन आणि गुबा या संशोधकांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनासाठी (आकड्यांऐवजी मुलाखतींसारख्या मजकुरावर आधारलेल्या) मांडलेल्या व्यापक कसोटीसाठी राखून ठेवीन, कारण तिच्यात सातत्य हा केवळ एक भाग आहे.

कोडिंगसाठी ‘संकेतन’ मला पटते. ‘कोड’साठी ‘कूट’ हाही शब्द आहे, पण ‘कूट’ अर्थ लपवते, ‘संकेत’ मात्र आधी ठरवून घेतलेला असतो. हे ठरवणे किती नाजूक असते ते पाहा. ‘काम सुटत नाही, म्हणून डॉक्टरकडे जाणं राहून जातं,’ या वाक्याला एकाने ‘वेळेचा अभाव’ हा संकेत दिला आणि दुसऱ्याने ‘आजाराकडे दुर्लक्ष’. दोघेही चुकलेले नाहीत, व्याख्या सैल आहे. बोलणाऱ्याने स्वतः कारण सांगितले असेल तर पहिलाच संकेत द्यावा, असे संकेतपुस्तिकेत नोंदवले की हा वाद मिटतो.

नुसत्या टक्केवारीला विश्वसनीयता म्हणू नये. समजा, एखादा संकेत द्यायचा की नाही यावर १०० उताऱ्यांपैकी ९० ठिकाणी दोघे जुळले, पण प्रत्येकाने तो संकेत ९० उताऱ्यांना दिलेला आहे. मग केवळ योगायोगानेच ८२ ठिकाणी जुळणी अपेक्षित असते आणि जेकब कोहेन यांचा १९६० मधला काप्पा (योगायोगाची जुळणी वगळून उरलेली जुळणी मोजणारे माप, पूर्ण जुळणीला १) जेमतेम ०.४४ भरतो. टक्केवारीला ‘जुळणी’ म्हणावे, काप्पाला ‘विश्वसनीयतेचा निर्देशांक’.

कोडिंग करणाऱ्याला ‘संकेतक’ म्हणणे टाळावे, त्यातून निर्देशकाचा भास होतो. तेव्हा वाक्य असे लिहिता येईल: ‘दोन संकेतनकर्त्यांमधील जुळणी ९० टक्के असली, तरी विश्वसनीयता कमी आढळल्याने व्याख्या सुधारून संकेतन पुन्हा केले.’