विमान कंपन्यांनी प्रवाशाच्या वजनाप्रमाणे तिकीट आकारावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमचं वजन ५५ किलो, बॅग तीन किलो जास्त भरली म्हणून जादा पैसे मोजावे लागले, आणि शेजारी तुमच्या दुप्पट वजनाचा माणूस तेवढ्याच तिकिटात बसून गेला. मग माणसालाही काट्यावर उभं करून किलोवर भाडं का घेऊ नये?

घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विमानाच्या सुरक्षेसाठी वजन करायचं असेल तर खुशाल करा. त्या आकड्यावर दर लावायला माझा विरोध आहे.

मी बेळगावची. काही वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला होते, त्यामुळे तुमचा राग मला चांगला ठाऊक आहे. मुंबईला लेकीकडे निघालेल्या मावशी काउंटरसमोरच खाली बसून बॅग उघडायच्या. बेळगाव बासमतीची पिशवी, कुंद्याचे डबे, शेंगाचटणी, एकेक वस्तू काढून हातातल्या पिशवीत कोंबायची, बॅग परत पट्ट्यावर ठेवायची आणि आकड्याकडे बघत राहायचं. तरी दीड किलो जास्तच. मग हमखास ऐकायला मिळायचं, "अगं बाळ, मी बघ की केवढीशी हाय, माझं कमी पडलेलं वजन धर की त्यात!" मावशींचा हिशेब तोच तुमचा हिशेब, आणि ऐकताना तो अगदी बरोबर वाटतो.

पण बॅगेचे जादा पैसे हा इंधनाचा हिशेब नाहीच मुळी. बॅग कुणीतरी उचलतं, ट्रॉलीवर टाकतं, विमानाच्या पोटात वाकून रचतं. एक बॅग ३२ किलोच्या वर घेत नाहीत, ती मर्यादा उचलणाऱ्या माणसाच्या पाठीसाठी आहे. शिवाय लोकांनी कमी सामान आणावं म्हणून कंपन्या तो दर मुद्दाम चढा ठेवतात, आणि त्यातून कमाईही करतात. माणूस आपल्या पायांनी चढतो, आपल्या पायांनी उतरतो. बॅगेतला तांदूळ घरी ठेवून येता येतं, अंगावरचे २० किलो ठेवून येता येत नाहीत.

इंधनाचंच बोलायचं तर तेही मांडून बघू. जादा वजन वाहून न्यायला तासाला त्या वजनाच्या साधारण ३ टक्के इंधन जास्त जळतं, असा ढोबळ हिशेब धरतात. बेळगाव-बेंगळुरू उड्डाण तासाभराचं. तुमच्याहून ३० किलो जड असलेल्या माणसामुळे त्यात किलोभर इंधन जास्त लागलं, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास. ढोबळ मानाने शंभर-सव्वाशे रुपये. आपल्याकडे ज्या ए टी आर ७२ जातीच्या छोट्या विमानाने आपण जातो ते पूर्ण भरून उडतं तेव्हा २३ टनांच्या आसपास असतं. त्यात हे ३० किलो कुठे बसतात बघा. तिकिटात खरा फरक पडतो तो तुम्ही ते किती दिवस आधी काढलं, दिवाळी आहे का, किती सीट शिल्लक आहेत, यामुळे. एकाच उड्डाणात दोघांच्या तिकिटांत तीन-चार हजारांची तफावत सर्रास असते, आणि दोघांचं वजन सारखं असलं तरी असते.

वजन महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. बेळगावचा सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. अशा वेळी छोट्या विमानाचं उड्डाणाचं वजन कमी ठेवावं लागू शकतं. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा तक्ता, बनते, आणि त्यात प्रवाशांचं वजन सरासरीने धरतात. युरोपात मोठ्या विमानांसाठी हातसामानासकट पुरुषाचे ८८ आणि बाईचे ७० किलो, किंवा सरसकट ८४ किलो, असे आकडे वापरात आहेत. सरासरी चुकली तर काय होतं ते ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेतल्या शार्लट इथे दिसलं. एअर मिडवेस्टचं छोटं विमान उडताच कोसळलं आणि त्यातले सगळे २१ जण गेले. शेपटीकडच्या नियंत्रणाच्या तारांची जुळणी दुरुस्तीत चुकली होती, आणि त्यात विमान मर्यादेपेक्षा जड आणि मागच्या बाजूला झुकलेलं होतं. त्यानंतर तिथे सरासरी वजनाचे आकडे वाढवले. आजही कंपन्या हे आकडे तपासतात. एअर न्यूझीलंडने २०२३ मध्ये ऑकलंडला प्रवाशांची वजनं घेतली, फिनएअरने २०२४ मध्ये हेलसिंकीला घेतली. दोन्हीकडे नावं नोंदली नाहीत, आणि ऑकलंडला तर काट्यावर आकडा दिसायचीही सोय ठेवली नव्हती. वजन करायची ही रीत मला पटते.

किलोवर भाडं घेऊन पाहिलं ते पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशाच्या सामोआ एअरने. २०१३ मध्ये त्याची जगभर चर्चा झाली. बेटांमधली अगदी चिमुकली विमानं. प्रवाशाने तिकीट काढताना स्वतःचं वजन भरायचं आणि विमानतळावर ते तपासलं जायचं. लहान पोरं असलेल्या कुटुंबांना ते स्वस्त पडायचं, हे मान्य केलं पाहिजे. २०१५ मध्ये ती कंपनी बंद पडली. कुठल्याही बड्या कंपनीने ही पद्धत उचललेली नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट केदारनाथच्या हेलिकॉप्टरला आहे. तिथे ८० किलोच्या वर वजन गेलं की किलोमागे जादा पैसे लागतात. उंच डोंगर, विरळ हवा, पाच-सहा जणांचं यंत्र. तिथे प्रत्येक किलो खरंच मोजावा लागतो. माझी काकू गेली होती. रांगेत तिने चपला काढल्या, शाल काढून काकांकडे दिली, हातातली पिशवी खाली ठेवली, मग काट्यावर चढली. तिथल्या पोराने आकडा मोठ्याने ओरडून सांगितला आणि दुसऱ्याने तो पावतीवर लिहिला. मागे उभे असलेले सगळे आपल्याच गावचे, एकाच बसमधून आलेले. काकू थायरॉइडच्या गोळ्या कितीतरी वर्षांपासून घेते. दर्शन चांगलं झालं म्हणून सांगते, पण त्या रांगेबद्दल बोलताना आजही तिचा आवाज उतरतो. डोंगरात पायलटला तो आकडा हवा, हे मी समजू शकते. तो त्याला गुपचूप चिठ्ठीवर देता येतो, आणि पैसे सगळ्यांना सारखे लावता येतात.

शिवाय काट्यावर पैसा आला की भांडण आलंच. आमचं मूळ गाव चिकोडी तालुक्यात, घरचा ऊस. उसाची ट्रॉली कारखान्यात लावलेल्या माणसाला काटामारी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. बाहेर एक वजन, आत दुसरं, आणि दाद मागायची कुणाकडे? उद्या काउंटरवर बूट धरायचे की नाहीत, गरोदर बाईचं काय, तीन महिन्यांपूर्वी तिकीट काढताना ७० किलो होते ते आज ७४ झाले तर चार किलोंचे पैसे कसे वसूल करायचे, यावर वाद घालत सत्तर माणसं रांगेत उभी राहणार. तेही काउंटरवरच्या वीस-बावीस वर्षांच्या पोरीसमोर, जिच्या हातात काहीच नसतं.

आता तुमची खरी तक्रार. मला वाटतं ती वजनाची नाही, जागेची आहे. शेजाऱ्याचा दंड तुमच्या बाजूला आला, हात टेकायला जागा राहिली नाही, तासभर अंग चोरून बसावं लागलं. हा त्रास खरा आहे आणि तुम्ही पूर्ण पैसे भरलेत, तेव्हा पूर्ण सीट तुमच्या हक्काची आहे. पण सडपातळ, सहा फुटी, रुंद खांद्यांच्या माणसाशेजारीही हेच होतं, आणि बुटका, जाड माणूस ९० किलोचा असूनही आपल्या सीटमध्ये नीट बसतो. सीट १७-१८ इंचांची कोणी केली, हे विचारायला हवं. कॅनडात २००८ मध्ये तिथल्या परिवहन प्राधिकरणाने ठरवलं की अपंगत्वामुळे, आणि त्यात स्थूलतेमुळे येणारं अपंगत्वही आलं, ज्याला देशांतर्गत प्रवासात दोन सीट लागतात त्याच्याकडून एकाच सीटचे पैसे घ्यायचे. कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. आपल्याकडेही असा नियम व्हावा, आणि तिकीट काढतानाच सीटची रुंदी दाखवणं सक्तीचं व्हावं.

तोवर तुम्ही एवढं करा: पुन्हा असं झालं तर दार बंद व्हायच्या आत केबिन क्रूला बोलवा आणि जागा बदलून मागा. शेजाऱ्याबद्दल काही न बोलता, "मला नीट बसता येत नाही" एवढंच सांगा. सीट रिकामी असेल तर बहुतेक वेळा देतात. दिली नाही तर बोर्डिंग पास जपून ठेवा आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर सीट नंबरासह तक्रार टाका. तिथे कंपनीला उत्तर द्यावं लागतं.