वाचकांचे प्रश्न: हातानं घडवलेली गिटार बनवून घेताना

प्रश्न: स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार बनवून घ्यायची आहे. कारागिरानं ‘काय हवंय?’ असं विचारलं, तर मला ‘भरदार, गोड आवाज’ एवढंच सांगता आलं. नेमकं काय सांगायला हवं?

उत्तर: तुमचा ‘गोड’ आणि कारागिराचा ‘गोड’ वेगळा असू शकतो, मिलिमीटर दोघांचा एकच. ज्या गिटारवर हात रुळलाय ती घ्या आणि मापं लिहून काढा. नटची रुंदी (नट म्हणजे नेकच्या, म्हणजे दांडीच्या, टोकाची खाचा असलेली पट्टी, जिच्यावरून तारा जातात; बहुधा ४३ ते ४६ मिमी), ब्रिजपाशी, म्हणजे खोक्यावर तारा जिथं अडकवतात तिथं, पहिल्या ते सहाव्या तारेमधलं अंतर (साधारण ५४ ते ५८ मिमी), पहिल्या आणि नवव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नेकची जाडी. स्केल लांबीसाठी (तारेची कंप पावणारी लांबी) नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. थेट सॅडलपर्यंत (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) मोजलंत तर आकडा चुकतो, कारण सूर जुळावेत म्हणून सॅडल मुद्दाम थोडं मागे आणि तिरकं बसवलेलं असतं.

बोटांनी तारा छेडत असाल तर ४४.५ मिमी किंवा त्याहून रुंद नट सोयीचा. मुख्यतः कॉर्ड वाजवणाऱ्यांना ४३ पुरतो. स्केल ६४५ ऐवजी ६३२ मिमी घेतलं, तर त्याच तारांवर त्याच सुरात ताण साधारण ४ टक्क्यांनी उतरतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डाव्या हाताला हा फरक लगेच कळतो.

तारा कोणत्या लावणार हे मात्र आवर्जून सांगा. लोक नेमकं हेच विसरतात. ०१२ च्या (पहिली तार ०.०१२ इंच जाड) संचाचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो, ०१३ चा ८० च्या पुढे. टॉप (खोक्याची पुढची फळी) किती पातळ करायचा आणि त्याला आतून आधार देणाऱ्या ब्रेसिंगच्या पट्ट्या किती तासायच्या, हे कारागीर त्यावरून ठरवतो. हलक्या तारांसाठी घडवलेल्या गिटारवर जाड तारा चढवल्या तर ब्रिजमागचा भाग फुगतो आणि ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर जाते. उलट केलं तर आवाज दबून राहतो. नेहमी खालच्या सुरात लावून वाजवत असाल तर तेही सांगा. आणि शक्य असेल तर त्याच्यासमोर बसून दहा मिनिटं वाजवा. उजव्या हाताचा जोर शब्दांत सांगता येत नाही.

प्रश्न: पाठीला आणि बाजूंना ब्राझिलियन रोझवुडच हवं, असा हट्ट धरावा का?

उत्तर: नाही. हे झाड १९९२ पासून साइट्स कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे गिटार परदेशात न्यायची तर परवान्यांचं लचांड मागे लागतं. शिसवी, मॅहॉगनी, मेपल यांच्या उत्तम गिटारी होतात. आवाज मुख्यतः टॉपवर ठरतो, तेव्हा चौकशी तिथं करा. सिडार हलक्या स्पर्शाला चटकन बोलतं, पण मऊ असल्यानं नखाचे ओरखडे लवकर उठतात. स्प्रूस जोरकस वादन पेलतं.

एक विनंती: ‘टॉप २.७ मिमीच हवा’ असलं काही करारात लिहू नका. एकाच जातीच्या दोन फळ्यांचा कडकपणा वेगळा असतो. कारागीर फळी वाकवून, ठोकून जाडी ठरवतो. ते त्याचं काम.

प्रश्न: खोका बंद झाल्यावर मी कटअवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात पोचावा म्हणून खोक्याला दिलेला आतला बाक) मागितला. कारागीर नाही म्हणाला. अडून बसलाय का?

उत्तर: तो बरोबर आहे. कटअवेचा बाक बाजूची पट्टी गरम करून वळवतानाच द्यावा लागतो. डावखुऱ्यांच्या गिटारचंही असंच: ब्रेसिंग दोन्ही बाजूंना सारखं नसतं, त्यामुळे ते आरशातल्यासारखं उलटं बसवावं लागतं; फक्त नट-सॅडल बदलून भागत नाही. खुंट्या, नट किंवा फ्रेटची तार यांत उशिरापर्यंत बदल चालतो. सॅडलखालचा पिकअप (तारांचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारा भाग) नंतरही बसतो, पण आधी सांगितलात तर सॅडलची खाच सपाट आणि पुरेशी खोल ठेवता येते.

प्रश्न: पैसे आणि तारीख कशी ठरवावी?

उत्तर: सगळी रक्कम आधी देऊ नका. नोंदणीला एक हप्ता, खोका बंद होण्याआधी आतल्या ब्रेसिंगचे फोटो पाहून दुसरा, वाजवून पाहिल्यावर उरलेला. लाकडं, मापं, फिनिश आणि पहिल्या वर्षातला एक मोफत सेटअप (तारांची उंची आणि नेक जुळवून देणं) लेखी घ्या. तारखेचा तगादा मात्र लावू नका. नायट्रो लॅकर (लाकडावर चढवतात तो चकचकीत लेप) नीट सुकायला काही आठवडे लागतात. घाईनं घासलं तर पुढे ते आकसतं आणि लाकडाच्या रेषा वर दिसू लागतात.

प्रश्न: नवी गिटार दोन महिन्यांत बदलली. फ्रेटची टोकं हाताला टोचतात, तारा खडखडतात. सदोष आहे का?

उत्तर: बहुधा हवा कोरडी आहे. अशा गिटारी साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत घडवतात. बराच काळ ३५ च्या खाली गेलं की फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची फळी) आकसतो, टॉप खाली बसतो, तारा फ्रेटला लागतात. तडेही जाऊ शकतात. ६० च्या वर टॉप फुगतो आणि ॲक्शन वाढते. केसमध्ये आर्द्रतामापक ठेवा, हवा पूर्ववत करा आणि दोन आठवडे थांबून पुन्हा मोजा. पहिला आणि चौदावा फ्रेट एकदम दाबून सातव्यापाशी ०.१ ते ०.२५ मिमी फट दिसली तर नेक ठीक आहे. बाराव्या फ्रेटवर सहावी तार २.४ मिमीच्या आसपास, पहिली १.८ च्या आसपास हवी. ॲक्शन उतरवायला ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) फिरवू नका. तो नेकचा बाक बदलण्यासाठी आहे.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकत असेल तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी तारा सैल करा आणि कारागिराला कळवा.