शेजार बदलला, दुकानाचं काय करू?

प्रश्न : ताई, माझं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. आसपासच्या जुन्या इमारती पडून टॉवर उभे राहिले. ओळखीची गिऱ्हाइकं गेली, नवी माणसं ऑनलाइन मागवतात. मीही सगळ्यावर १० टक्के सूट देऊ का?

उत्तर : दादा, आधी कागदावर हिशेब मांडा. शंभराच्या वस्तूत वीस सुटत असतील, तर सूट दिल्यावर दहाच उरतात. तेवढाच नफा हवा तर माल दुप्पट खपायला हवा. मी माझ्या दुकानात अशी सूट देण्यापायी एक अख्खं वर्ष घालवलंय, म्हणून कळकळीनं सांगते, नका देऊ.

मला तारलं ते गल्ल्याशेजारच्या एका वहीनं. तिला दोरीनं पेन बांधलेलं. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणावं लागलं की ती वस्तू, तारीख आणि वेळ लिहायची. महिन्याभरात ध्यानात आलं, नवी माणसं येतात ती कामावरून परतताना. रात्री आठच्या ठोक्याला धापा टाकत आलेली आई, आणि सकाळी शाळेत लागणारा एकच कार्डशीट! मी तर आठलाच शटर ओढायचे. वेळ दीड तासानं वाढवली, कार्डशीट सुटे ठेवले.

खोक्यांवर माल आल्याची तारीख घाला. ६ महिने न हललेला माल खरेदीच्या भावात काढून टाका, अडकलेला पैसा मोकळा होतो. आणि जागा भाड्याची असेल तर करार आजच काढून वाचा. टॉवर आले की भाडं चढतं. मुदत संपायची वाट न बघता मालकाशी आत्ताच बोला.