ऑथर म्हणजे ‘लेखक’च का?

प्रश्न असा आला आहे: चार संस्थांच्या एकत्र आरोग्य-संशोधनाचा निबंध मराठीतही काढायचा आहे. ‘ऑथर’ला लेखक म्हणावं की संशोधक? आणि घरोघर फिरून माहिती आणणाऱ्या आशाताई ‘सहलेखक’ होतात का?

आधी शब्द. ज्ञानेश्वरीच्या अखेरची ओवी आठवा. शके १२१२ मध्ये टीका ‘केली’ ज्ञानेश्वरांनी आणि ‘लेखकु जाहला’ तो सच्चिदानंदबाबा. म्हणजे लेखक हा सांगितलेलं उतरवून घेणारा, रचणारा तो कर्ता. छापखान्याच्या काळात ‘ग्रंथकर्ता’ मागे पडला आणि दोन्ही कामं ‘लेखक’ या एकाच शब्दाच्या गळ्यात आली. गंमत म्हणजे इंग्रजी ‘ऑथर’चाही लिहिण्याशी मुळात संबंध नाही. तो लॅटिन ‘ऑक्टर’वरून आला, आणि त्यामागचा धातू वाढवणे, वाढीस लावणे या अर्थाचा आहे.

वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने (१९७८ साली व्हँकुव्हरला जमलेला तोच गट) ऑथर ठरवायला आज चार अटी घातल्या आहेत. आखणी, माहिती मिळवणं किंवा तिचा अर्थ लावणं यांत भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यात विचारपूर्वक दुरुस्ती. अंतिम मसुद्याला संमती. आणि कामाबद्दल उत्तरदायित्व. चारही हव्यात. आशाताईंची पहिली अट अनेकदा पुरी होऊ शकते, पण गाडी दुसरीवर अडते, कारण मसुदा इंग्रजीत. त्यांना तो मराठीत वाचून दाखवलाच नाही, तर त्या दुरुस्ती सुचवणार कशा? त्याच समितीचं म्हणणं आहे की पहिली अट पुरी करणाऱ्याला पुढच्या अटींची संधी द्यावी. तेव्हा मराठी मसुदा शेवटी भाषांतर म्हणून काढू नका, आधीच काढा.

मग शब्द कोणता? ‘लेखक’ रुळला आहे, तो राहू द्या. ‘संशोधक’ नको, कारण संशोधक असूनही लेखक नसलेली माणसं प्रत्येक प्रकल्पात असतात. पण नावांखाली कामाची फोड द्या: आखणी, क्षेत्रकाम, विश्लेषण, लेखन. ‘क्रेडिट’ नावाच्या वर्गीकरणात अशा १४ भूमिका आहेत, त्यांतल्या लेखनाच्या फक्त दोन. आपल्याकडे तर ‘शब्दांकन’ हा नेमका शब्द तयार आहे: अनुभव एकाचा, वाक्यं दुसऱ्याची. तो आत्मचरित्रांपुरताच का ठेवावा?

‘अॅक्नॉलेजमेंट’ला मी ऋणनिर्देश म्हणेन. ‘आभारप्रदर्शन’ म्हटलं की लोक खुर्च्या सरकवून चपला शोधायला लागतात.

काम न करता यादीत बसणाऱ्या विभागप्रमुखांसाठी (इंग्रजीत ‘गिफ्ट ऑथर’) कुणी ‘भेट-लेखक’ सुचवलं होतं. माझं मत ‘मानाचे लेखक’ला. मानाचा नारळ, मानाचं पान आपण जाणतोच, त्यामुळे वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही. ‘करस्पॉन्डिंग ऑथर’साठी मात्र नवा शब्द घडवू नका, नावापुढे ‘पत्रव्यवहारासाठी’ एवढं लिहिलं की भागतं.