टायरिंग रूममध्ये कोणी दमत नाही

प्रश्न असा: दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यानंतरच्या, म्हणजे १६६०च्या दशकातल्या लंडनमध्ये, एका नाट्यगृहात घडणारी खुनाची रहस्यकथा मराठीत आणायचं काम चालू आहे. नटीचं प्रेत 'टायरिंग रूम'मध्ये सापडतं. मसुद्यात तिथे 'विश्रांतिकक्ष' आहे. त्याऐवजी 'नेपथ्य' चालेल का, की सरळ 'ग्रीनरूम' म्हणावं?

विश्रांतिकक्ष आधी खोडा. अनुवादांत असली विश्रांती पुन्हा पुन्हा भेटते आणि दर वेळी डोकं उठतं. या टायरिंगचा दमण्याशी काडीचा संबंध नाही. 'अटायर' म्हणजे पोशाख. त्याचं पहिलं अक्षर गळून हे रूप झालं. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, नीट लावणे, सजवणे या अर्थाचं. दमण्याचं 'टायर' जुन्या इंग्रजीतलं, त्याचं गोत्रच वेगळं. नटीला कपडे चढवणारी ती 'टायरवुमन'. तीही दमलेली बाई नव्हे. (दमत असेलच, पण नावापायी नाही.)

रहस्यकथेत ही चूक जास्तच महागात पडते. विश्रांतिकक्ष म्हटलं की लोटलेलं दार आणि आत एकटी नटी दिसते; संशयित उरतात दोन-चार. खऱ्या टायरिंग रूममध्ये सतत राबता असे. आरमाराच्या कचेरीत काम करणाऱ्या सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीतली ५ ऑक्टोबर १६६७ची नोंद वाचा. मिसेस निप ही नटी त्याला थेट वर या खोल्यांमध्ये घेऊन जाते. तिथे नेल ग्विन ही दुसरी नटी तयार होत असते, अजून पुरती कपड्यांतही नाही. मग खाली सीन-रूममध्ये बसून फळं खाता खाता पीप्स निपकडून तिच्या भूमिकेतले संवाद म्हणवून घेतो. आरमाराच्या कचेरीतला माणूस इतक्या सहज आत शिरतो, तर खुनी का नाही शिरणार? परक्यांना आत सोडू नये असे राजाचे हुकूम होते. हुकूम काढायची वेळ आली, यातच सगळं आलं.

ग्रीनरूमचं थोडक्यात. हा शब्द लेखी सापडतो तो १६७८च्या सुमाराला, थॉमस शॅडवेलच्या नाटकात. तुमच्या कथेला तो उशिराचा. शिवाय ती बसायची, वाट पाहायची खोली. 'लाइमलाइटमुळे ग्रीन' ही व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी लाइमलाइट हा रंगमंचावरचा दिवा एकोणिसाव्या शतकातला आणि पांढराशुभ्र असतो एवढं तरी पाहावं.

आता नेपथ्य. इथे मजा आहे. शाकुंतलाच्या सुरुवातीला सूत्रधार 'नेपथ्याकडे पाहून' नटीला हाक मारतो: आर्ये, यदि नेपथ्यविधानमवसितम्, इतस्तावदागम्यताम्. नेपथ्यविधान आटोपलं असेल तर इकडे ये. रंगसूचनेतलं नेपथ्य ही जागा, आणि लगेच पुढच्या वाक्यातलं नेपथ्य म्हणजे वेशभूषा! टायरिंग रूमला याहून चपखल जोडीदार शोधून सापडायचा नाही. पोशाख आणि पोशाख करायची जागा, दोन्ही एकाच शब्दात.

यावर आपले शुद्धिवाले लगेच म्हणतात, बघा, 'नेपथ्य : अमुक, प्रकाशयोजना : तमुक' असं छापून सेटला नेपथ्य म्हणणं हा अडाणीपणा आहे. अडाणी कोण ते भरताला विचारा. नाट्यशास्त्रात नेपथ्याचे चार प्रकार आहेत आणि त्यातला पहिलाच 'पुस्त': रंगभूमीसाठी बनवलेले डोंगर, वाहनं, विमानं, ढाली, चिलखतं, ध्वज. सेट आणि प्रॉपर्टीच ती. कोशात एकच अर्थ पाहून दुसऱ्याला चूक ठरवायची हौस आवरावी. आणि लंडनलाही हेच. पीप्स १९ मार्च १६६६ला किंग्ज प्लेहाउसच्या मागच्या बाजूला गेला (प्लेगमुळे नाटकं बंद होती, रंगमंच रुंद करायचं काम चालू होतं), तर इथे लाकडी पाय, तिथे गळ्याची चुणीदार झालर, इथे काठीचा घोडा, तिथे राजमुकुट! हसून हसून माणूस फुटेल म्हणतो. अलंकार (म्हणजे अंगावर चढवायचं ते) आणि पुस्त, नेपथ्याचे दोन प्रकार एकाच ढिगात.

तरीही तुमच्या वाक्यात नेपथ्य नको. 'नटीचं प्रेत नेपथ्यात सापडलं' म्हटलं की आजचा वाचक सेटवरच्या खोट्या भिंतीमागे शोधायला जाईल. मराठी नाटकवाल्यांचे स्वतःचे शब्द आहेत: रंगपट (नटांची रंगायची-सजायची जागा) आणि कपडेपट (पोशाखांचा विभाग). हा 'पट' कुठला? माझ्या मते कापडाचाच. फिरत्या मंडळ्यांनी कनात ताणून केलेला आडोसा, तो पट. संस्कृत नाटकांतल्या 'अपटीक्षेपेण' (पडदा झटकून) या रंगसूचनेतली पटी याच घरातली (त्यातल्या 'अ'वर पंडित भांडत बसोत). कोणी म्हणेल, हा पटसंख्येतला पट, कपड्यांची यादी तो कपडेपट. ठीक, मग रंगपट म्हणजे काय, रंगांची हजेरी? आडोसा धरला की दोन्ही शब्द सुटतात.

तेव्हा प्रेत रंगपटात. टायरवुमनला कपडेपटवाली म्हणा, आणि खुनाच्या वेळी ती कुठे होती ते नीट तपासा.