फवारणी करताना शेतमजुराला विषबाधा झाली, तर तो मानवी हक्कांचा प्रश्न की नुसता अपघात?

हक्कांचाच प्रश्न; राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात तो येतो. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच कलमाचा आधार घेऊन अंतरिम बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये केरळ सरकारला पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. त्याच वर्षी यवतमाळात कपाशी फवारताना २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा ‘मास्क का नाही लावला?’ असे मजुरालाच विचारले गेले. पण १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच फवारणाऱ्यासाठी संरक्षक कपडे सांगितलेत. ते रोजंदारीवाल्याने पदरमोड करून आणायचे का? मात्र हक्क आहे म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही. दवाखान्याचे कागद, फवारणीच्या औषधाची बाटली आणि दुकानाचे बिल जपून ठेवा.